कुरण रंगवणारी मावशी

माझी मावशी फोटो स्टुडिओत पडदे रंगवायची. गिऱ्हाईक ज्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढून घेतं, ते भिंतभर पडदे. हिरवं कुरण, चार मेंढ्या, मागे धुक्यात विरत गेलेले डोंगर. नवरा गॅरेजमध्ये कामाला होता आणि घरी आला की हात चालवायचा. कुणी विचारलं, की मावशी म्हणायची, "पायरीवरून पडले." आई एकदा म्हणाली, "पाच बोटं उमटवणारी पायरी पहिल्यांदाच बघतेय."

एका दुपारी तो स्टुडिओतच आला. मालकाच्या कसल्याशा बोलण्यावर ती हसली, एवढंच निमित्त. त्याने कमरेचा पट्टा काढला. बक्कल तिच्या डाव्या डोळ्यावर बसलं. म्हातारा मालक मधे पडला, त्याचे दोन दात गेले. डोळा वाचला नाही.

इस्पितळातून ती आमच्याकडे आली. महिन्याभराने ब्रश उचलला, तर तो कधी कापडाआधीच हवेत थांबायचा, कधी कापडावर आदळायचा. ती रडली नाही. शिव्या मात्र अशा घातल्या, की आईने खिडकी लावून घेतली.

तरी ती पुन्हा स्टुडिओत जाऊ लागली. "अंतर मला दिसत नाही," मला म्हणाली, "पण रंगात ते कुठे असतं ते ठाऊक आहे." लांबच्या डोंगरांत निळ्यावर पांढरा, कडा ओल्या ब्रशने पुसून टाकलेल्या. जवळच्या गवतात पिवळा, पातं न् पातं वेगळं. त्यावर सकाळचं मऊ ऊन.

पडदा होत आला आणि नवरा उगवला. हातात सुरी.

"घरी चल."

"नाही येणार."

त्याने आधी पडदा फाडला, डोंगरापासून मेंढ्यांपर्यंत. मग तिच्याकडे वळला. तिने टर्पेंटाइनचा डबा त्याच्या तोंडावर रिकामा केला आणि चौकटीचा दांडा उचलला. पहिला घाव हुकला. दुसऱ्याने खांद्याचं हाड मोडलं, आवाज बाहेर रस्त्यावर ऐकू गेला. तिसरा मनगटावर. चौथ्याला मालकाने दांडा धरला.

"पुरे. मरेल तो."

"मरू दे," ती म्हणाली, पण दांडा सोडला.

मालकाने दोन दात गेलेल्या तोंडाने साक्ष दिली. नवऱ्याला चार वर्षांची शिक्षा झाली, मावशी सुटली. वाईट वाटलं का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "पहिला हुकला, त्याचं."

नवा पडदा तिने दीड महिन्यात केला. पण आता ती दाराकडे पाठ करून बसत नाही. त्यासाठी पडदा दाराकडच्या भिंतीवर हलवावा लागला, तिथे उजेड कमी पडतो.