बोराच्या बीएवढी

वडगाव मावळच्या कचेरीत मी कारकून होतो तेव्हा डोंगरवाडीवरचा एक म्हातारा दर बाजाराला आमच्या दारातल्या चिंचेखाली मध विकायला बसायचा. मध संपला की तो धोतराच्या सोग्यातून भांगेची पुडी आणि एक गुळगुळीत झालेली बोराची बी काढायचा. भांग गुळात मळून गोळी करायचा, बीशेजारी धरून पाहायचा आणि जरा मोठी वाटली तर चिमटीनं तेवढी कमी करायचा. सोनारानंही इतकं निरखलं नसतं.

दारूबंदीचे दिवस होते, भांगही त्या बंदीत आली होती. मी शिपायाला हाक मारायचा अवकाश, पुडी जप्त झाली असती. एकदा मी साहेबी आवाजात विचारलंच, "काय आबा, नशापाणी जोरात दिसतंय?"

त्यानं पुडी लपवली नाही. "मध काढताना कड्यावरनं पडलो, कंबर मोडली. लय ठणकतं. ही घेतली की घरापतुर चालवतं."

"मग मोजता कशाला? दुप्पट घ्या, दुखणं पार जाईल."

तो माझ्याकडे अडाण्याकडे पाहावं तसं पाहत राहिला. "पार गेलं तर पाय कुटं पडतोय ते कसं कळंल? अजून डोंगर चढायचाय, साहेब."

मी शिपायाला हाक मारली. म्हाताऱ्यानं घाई न करता बी सोग्यात बांधली आणि गोळी तळहातावर तशीच उघडी ठेवली.

शिपाई आला. मी म्हणालो, "आबांना गोळीवर प्यायला पाणी दे."