मुरमावरचा टप्पा

माझी धाकटी बहीण फुटबॉलची गोलकीपर झाली ती माझ्या जिवावर, हे मी तिला अजूनही ऐकवते. आमच्या कॉलनीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि दुष्काळाच्या वर्षी तेवढंही नाही. आलं की तासाभरात टाकी, ड्रम, हंडे, कळशा, शेवटी प्रेशर कुकरसुद्धा भरून ठेवायचा. त्या दिवशी घरात प्रत्येकाला काम असायचं. धाकटीच्या वाटचं काम मी करायचे, कारण ती मैदानावर असायची आणि तिला ओढून आणण्यापेक्षा दोन हंडे जास्त भरणं सोपं होतं.

मैदान म्हणजे ज्यावर अजून कुणाचा बंगला उठला नाही असा प्लॉट. आमचे आबा करमाडकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. शेंद्र्याला कंपनीत कामाला लागले आणि आम्हाला घेऊन शहराच्या कडेला राहायला आले. ती कड काही जागेवर राहिली नाही. वर्ष-दोन वर्षांत प्लॉट विकला जायचा, जेसीबी यायचा, आणि शाळेतले खेळाचे सर गोलचे लोखंडी खांब उपटून पोरींना घेऊन आणखी पुढच्या माळावर जायचे. माळ बदलायचा, जमीन तीच. मुरूम. लाल, टणक, गुडघे सोलणारा. त्यावर चेंडू आपटला की हमखास छातीपर्यंत उसळायचा. धाकटी लहानपणापासून तो टप्पा शिकली. चेंडू लांबून कसाही येवो, ती घाई करायची नाही. टप्पा पडायची वाट बघायची आणि उसळला की छातीशी धरायची. सर म्हणायचे, हिच्या हातांना डोळे आहेत. मी म्हणायचे, भांडी घासायच्या वेळी ते बरोबर मिटतात.

तर ही आमची बया जिल्ह्यातून राज्यात गेली आणि एके दिवशी देशाच्या सतरा वर्षांखालच्या मुलींच्या संघात निवडली गेली. शेजारी देशांच्या संघांची स्पर्धा होती, एका डोंगराळ देशात. ती राखीव गोलकीपर होती, म्हणजे पहिलीला काही झालं तरच हिने उतरायचं. पुढच्या स्पर्धेपर्यंत हिचं वय उलटून जाणार होतं. जे काही व्हायचं ते ह्याच खेपेला. मला हे रात्रंदिवस टोचत होतं, आणि मायला वेगळंच टोचत होतं.

"बसायलाच न्यायचं व्हतं तर एवढ्या लांब कशाला नेलं लेकराला?" ती म्हणायची.

सामने मोबाइलवर दिसायचे. आबांनी कंपनीतल्या एका पोराला बोलावून तो टीव्हीला जोडून घेतला. त्या वर्षी श्रावणातही पावसाने तोंड दाखवलं नव्हतं. जायकवाडीच्या मृतसाठ्यातून पाणी उपसत होते, आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणून पैठण रोडला पाण्याची मोठी पाइपलाइन फुटली. पाणी कधी येणार ते कुणालाच सांगता येईना. तिकडे मात्र रोज धो धो पाऊस. गल्लीतल्या बायका आमच्याकडे सामना बघायला यायच्या, असं म्हणायचं आपलं. खरं तर त्या पाऊस बघायला यायच्या.

"बघ गं बाई, किती पाणी पडायलंय!" शेजारच्या काकू डोळे टीव्हीला लावून म्हणायच्या. "आन् नुसतं वाहून चाललंय."

मी त्यांना म्हणायचे, काकू, चेंडू तिकडे आहे. त्या म्हणायच्या, व्हय, पण ती पन्हाळ बघ की.

गटातला शेवटचा सामना बरोबरीत सुटला असता तरी आपण अंतिम फेरीत जात होतो. सामना अर्ध्याच्या पुढे गेला, गोल कुणाचाच नव्हता. मग आपली पहिली गोलकीपर चेंडूवर झेपावताना दुसऱ्या मुलीवर आदळली आणि उठलीच नाही. तिला स्ट्रेचरवर घालून नेलं. बाकावरची आमची धाकटी उभी राहिली, अंगातलं जाकीट काढलं, आणि पळत मैदानात आली. आबा खुर्चीतून उठले. ते मग शेवटपर्यंत बसलेच नाहीत.

आणि नेमकी तेव्हाच गल्लीत आरोळी उठली, "नळ आले! नळ आले!"

खोली रिकामी झाली. अकरा दिवसांनी पाणी आलं होतं, कोण थांबणार? मी कुणाला दोष देत नाही. मीही उठले होते. मायने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"तू बस. मला त्यातलं काय कळतंय? तू बघ आन् मला सांग." एवढं बोलून ती नळी घेऊन बाहेर गेली. ड्रम खिडकीखालीच होते. तिथून ती विचारत राहिली आणि मी आतून सांगत राहिले.

"धरला का?"

"धरला!"

"आता?"

"आता बाहेर मारला त्यांनी."

असं बराच वेळ चाललं. धाकटी छान खेळत होती. एक चेंडू तिने बोटांच्या टोकांनी वर ढकलला तेव्हा आबांच्या तोंडून मेंढरं हाकायचा जुना आवाज निघाला, आणि मी हसले.

मग त्यांच्या एका मुलीने लांबून चेंडू मारला. काही जोर नव्हता त्यात. असे चेंडू धाकटीने झोपेतही धरले असते. ती गुडघ्यांवर वाकली, हात छातीच्या उंचीला आणले आणि टप्प्याची वाट पाहिली. चेंडू तिच्यासमोर ओल्या गवतावर पडला आणि उसळलाच नाही. फरशीवरून साबण सुटावा तसा सुळकन घसरत तिच्या हातांखालून गेला. मी "खाली, खाली!" म्हणून ओरडले. टीव्हीपुढे ओरडून काय होतं? तिचे हात वर तसेच राहिले. इतकं असहाय मला कधी वाटलं नव्हतं. आपलं माणूस समोर दिसतंय, त्याची चूक आपल्याला कळतेय, ती कुठून आली तेही कळतंय, आणि मध्ये नुसती एक काच आहे.

"धरला का गं?" बाहेरून माय विचारत होती. "ए पोरी, धरला का?"

माय मग पुन्हा विचारायची थांबली. आम्ही एका गोलने हरलो.

दुसऱ्या दिवशी धाकटीचा फोन आला. "पाहिलंत का तुम्ही?" एवढंच तिने विचारलं. आबा म्हणाले, "पाह्यलं. जेवलीस का?"

घरी आली ती फारशी बोलायची नाही. जेवायची, भांडी घासायची, न सांगता घासायची म्हणून मला जास्त वाईट वाटायचं. एकदा मीच विचारलं. म्हणाली, "ताई, महिनाभर कॅम्पात हिरवळीवर सराव केला, ओल्यावरपण केला. येत होतं मला. पण जीव घाबरला की अंगाला पहिलं शिकलेलंच आठवतं." माय तिथंच भाकरी थापत होती. तिने विचारलं, ओल्यावर म्हणजे काय होतं? धाकटीने सांगितलं, ओल्या जमिनीवर चेंडू उठत नाही, माय, घसरत येतो.

पुढच्या खेपेला पाणी आलं तेव्हा सगळं भरून झाल्यावर मायने दोन बादल्या उचलल्या आणि मला तिसरी घ्यायला लावली. धाकटीला म्हणाली, चेंडू घे. आम्ही माळावर गेलो. गल्लीतले लोक बघत होते, कारण तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा झाडाला घालणारी बाई भरल्या बादल्या घेऊन माळाकडे चालली होती. गोलसमोर मायने तिन्ही बादल्या ओतल्या. मुरमाने आवाज करत पाणी पिऊन टाकलं, आणि आम्ही बघता बघता जमीन नुसती काळपट दिसायला लागली.

"हं, मार आता," माय मला म्हणाली.

मी मारला. चेंडू त्या काळपट जागेवर पडला, नेहमीसारखाच छातीपर्यंत उसळला, आणि धाकटीने तो अलगद छातीशी धरला.

मायचा चेहरा उजळला. "धरला की!" ती म्हणाली. "मंग तिथं काय झालं व्हतं गं?"

धाकटी चेंडू छातीशी धरून तशीच उभी राहिली.