वाटेचा अर्ज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, घरातसुद्धा नाही. काल बारामतीत एका दुकानात शाईच्या पॅडचा वास आला आणि इंदापुरातली ती शाळा आठवली. त्या दिवशी तिथं आमच्या नागरी हक्क संघटनेचा वर्धापनदिन होता. एका वर्गात रक्तदान, दुसऱ्यात डोळ्यांची तपासणी, आणि व्हरांड्यात टेबल टाकून मी लोकांचे अर्ज फुकट लिहून देत होतो. तिथं आमच्याच गावची, कळंबची, एक साठीची विधवा आली. तिच्या घराची वाट माझ्या सख्ख्या चुलत्यानं तारेचं कुंपण घालून बंद केली होती. "म्हणूनच तुझ्याकडं आले," ती म्हणाली. "समद्यास्नी हक्क सारखा, असं मगाशी माईकवर तूच वरडत हुतास न्हवं? मग लिव की चुलत्याचं नाव. थांबलास का?" आजूबाजूचे हसले. मी लिहिलं, वाचून दाखवलं, तिनं अंगठा उठवला. "सोमवारी तहसिलात देतो, मावशी," मी म्हणालो. "दिशील रं, तू तसला न्हाईस," म्हणत तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. चुलत्याच्या धाकानं तो अर्ज मी दिलाच नाही. ती दरवर्षी विचारायची, तेव्हा "चौकशी चालू हाय" म्हणत राहिलो. आता चुलते नाहीत, संघटनेतही मी जात नाही, पण तो खरखरीत हात गालावरून पुन्हा फिरावा असं फार वाटतं. कुंपण तसंच आहे, आणि ती अजून कालव्याला वळसा घालून घरी जाते. अर्ज माझ्या कपाटात आहे. तो तहसिलात देणं आणि तो मीच दडवला हे तिला तोंडावर सांगणं, दोन्ही माझ्याकडून राहिलं आहे.