निवडुंगाला पाण्याची पाळी

समस्त नगरकरांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या गॅलरीतल्या चेंडूएवढ्या निवडुंगाला, बारा वर्षांच्या अखंड मौनानंतर, कळी आली आहे.

हे निवेदन मी जिन्यात उभं राहून शेजाऱ्यांना खरोखर वाचून दाखवलं. टाळ्या फक्त माझ्या पडल्या.

मला छंद दोन. हॉलमध्ये गोल्डफिशची काचेची टाकी आणि गॅलरीत चाळीस निवडुंग. "एकाला बुडवून ठेवायचं, दुसऱ्याला थेंब द्यायचा नाही," बायको म्हणते, "आणि एक दिवसाआड नळ आला की बादल्या मी भरायच्या."

नेमकं त्याच आठवड्यात आमचं भंडारदऱ्याला जायचं ठरलेलं. मी कंबर धरून कण्हून पाहिलं.

"त्या काटेरी वांग्यासाठी मी घरात बसू? आप्पांना बोलावते," ती म्हणाली आणि श्रीगोंद्याहून सासरे हजर झाले. सगळी हयात उसाला पाणी देण्यात गेलेला माणूस. गॅलरी बघून त्यांनी टोपी मागे सारली.

"पाव्हणं, हे आमी बांधावरनं उपटून टाकतो. तुमी कुंडीत लावता व्हय?"

मी हुकूम सोडले. माशांना चिमूटभर खाणं. निवडुंगाला पाणी अजिबात नाही, कळी गळेल. बारा वर्षं या फुलासाठी थांबलोय, आप्पा! त्यांच्याकडून दोनदा "व्हय" म्हणवून घेतलं, तेव्हा कुठे गाडीत बसलो.

धरणाकाठी सगळे पाणी बघत होते. मी फोनला रेंज शोधत होतो.

"आप्पा, कळी?"

"हाय की."

"माती कोरडी आहे ना?"

पलीकडे तांब्या खणकला. मग, "तुमी भजी खा, पाव्हणं."

मी भजी सोडून पुन्हा रेंज शोधायला उठलो. बायकोनं माझीही प्लेट संपवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी परतलो. हॉलमधली टाकी निम्मी रिकामी. मासे तळाशी गोळा झालेले, तातडीची सभा बोलावल्यासारखे. गॅलरीत चाळीसही कुंड्यांना बोटानं कोरलेली सुबक आळी आणि आळ्यांत पाणी तुडुंब. नळ आलाच नव्हता, म्हणून आप्पांनी माशांच्या टाकीतून तांब्या-तांब्यानं सगळ्यांना पाण्याची पाळी दिली होती.

मी कळीकडे झेपावलो. कळी नव्हती.

तिथे फूल होतं. गुलाबी, ताठ, खालच्या निवडुंगापेक्षा मोठं! आणि ते बघायला आप्पांनी अख्खा जिना गोळा केलेला. मी पोचलो तेव्हा शेजारी टाळ्या वाजवत होते. आप्पांसाठी!

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. मी घसा खाकरला. हिवाळाभर कोरडं ठेवलं म्हणूनच कळी धरली, ती उमलणारच होती, दोन दिवसांच्या पाण्यानं फुलं येत नसतात, उलट आता मुळं कुजायची भीती आहे, असं सगळं मी हातवारे करून, शास्त्रशुद्ध समजावलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. बायको पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळली होती.

आप्पांनी एकदा फुलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि त्यांना राहवेना.

"बारा वर्सं तान्हेलं ठिवलं बिचाऱ्याला, आन वर भाषान करताय व्हय, पाव्हणं?"