फोन नाही, चक्कर नाही

नागपुरात जरीपटक्यातल्या सुमेध बिछायत केंद्राचे मालक नागसेनभाऊ मेश्राम खुर्चीत बसलेले कोणी पाहिलेत का? पाहिलं असेल तर तो माणूस दुसरा कोणी असेल, हे मी पैजेवर सांगतो. बिछायतवाला म्हणजे लग्नाला लागणारा मांडव, बाजूच्या कापडी कनाती, गाद्या, स्टेज, कूलर सगळं भाड्यानं देणारा. गोडाऊनमध्ये खुर्च्यांचे मनोरे लागलेले असतात, पण मालक आपला उभा. हातात फोन, दुसऱ्या हातात दुसरा फोन, आणि तोंडानं तिसऱ्याच माणसाला हाक. "अबे तो कूलर तिकडे काहून ठेवला? थांब, मीच ठेवतो."

हे 'मीच' फार जुनं. तरुणपणी ते आणि रुपराव, दोघंही इतवारीतल्या एका बिछायतवाल्याकडे डोक्यावर खुर्च्या वाहायचे. पुढं नागसेनभाऊंनी हिंमत करून स्वतःचं दुकान टाकलं, तेव्हा रुपराव पहिल्या दिवसापासून सोबत आला. धंदा वाढला, माणसं वाढली, गाड्या आल्या, पण मालकाचा हात काही आवरेना. मांडव उभा झाला की हे येणार, दोऱ्या ओढून पाहणार, पडद्याची झालर बोटभर इकडे सरकवणार आणि मग ती तिकडे सरकवणार. कामावरच्या पोरांनाही ते सवयीचं झालं होतं. कशाला डोकं चालवायचं? भाऊ येतील आणि बदलतीलच.

मध्यंतरी बिछायतवाल्यांच्या संघटनेनं एका हॉटेलात शिबिर ठेवलं. धंदा मोठा करायचा तर मालकानं नेतृत्व कसं शिकावं, यावर. शाळेत शिकवणाऱ्या मायाताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, अंगात इस्त्रीचा शर्ट चढवून त्यांना जबरदस्तीनं धाडलं. टाय लावलेला वक्ता सांगत होता, "काम सोपवा, आणि सोपवल्यावर हात मागे घ्या." हे ऐकायला नागसेनभाऊ तिथं असते तर! ते बाहेर व्हरांड्यात फोनवर ओरडत होते. शिबिराचं प्रमाणपत्र मात्र मिळालं. चंद्रभान नावाच्या पोरानं ते दुकानात टांगलं, तर वाकडं टांगलं म्हणून भाऊंनी त्याला शिव्या घातल्या आणि स्टुलावर चढून स्वतः टांगलं. आता ते दुसऱ्या बाजूनं वाकडं आहे.

"तुम्हाले मालक नाही, हमालच व्हायचं होतं," मायाताई म्हणाल्या.

"तुले काय समजते वं धंद्यातलं?"

"धंद्यातलं नाही समजत. माणसातलं समजते. रुपरावभाऊंचं तोंड पाह्यलं का तुम्ही एवढ्यात?"

नव्हतं पाहिलं. म्हणून मे महिन्यात, ऐन लग्नसराईत रुपराव समोर येऊन उभा राहिला तेव्हा नागसेनभाऊंच्या पायाखालची जमीनच सरकली.

"भाऊ, हा सीझन झाला का मी निंगतो. तिकडे एक लग्नाच्या लॉनवाला बोलावून राहिला."

"पैसे वाढवून देऊन राहिला का? मी देतो न गा!"

"पैशाचं नाही. तो सकाळी काम सांगते आन् संध्याकाळी पाहाले येते. मधात कोणी नसते." रुपरावनं गमछ्यानं मान पुसली. "एवढी वर्षं झाली, अजून तुम्ही माझी बांधलेली दोरी ओढून पाहता. पोट्टे हसतात मले."

नागसेनभाऊ खूप बोलले. सोबत भाकर खाल्लेल्याची आठवण दिली, रागावले, शेवटी डोळ्यांत पाणी आणलं, आणि ते खरं होतं. रुपराव नसलेलं दुकान त्यांना डोळ्यांपुढं आणवतच नव्हतं. तेव्हा रुपरावनंच तोड काढली. नरखेड तालुक्यातल्या एका गावी भागीरथाबाई नावाच्या बाईंच्या पोरीचं, मिनलचं लग्न होतं. त्याच दिवशी नागपुरात इंदोऱ्याकडे दुसरं लग्न होतं.

"नरखेडचं मले एकट्याले करू द्या. फोन नाही, चक्कर नाही. तेवढं तुमच्यानं झालं तं मी राहतो. नाही झालं तं समजून घ्या."

"बस एवढंच? शप्पथ घेतो!" भाऊंनी गळ्याची कातडी धरून शपथ घेतली.

मला सांगा, असा माणूस त्या रात्री झोपेल का? आदल्या दिवशी संध्याकाळी रुपरावनं दोन्ही गाड्या भरून ठेवल्या होत्या. एका गाडीत नरखेडचं सामान, दुसरीत इंदोऱ्याचं. पहाटे उजाडायच्या आत नागसेनभाऊ गोडाऊनला हजर. फोन नाही, चक्कर नाही, असं ठरलं होतं. गाडी निघायच्या आधी पाहायचं नाही असं कुठं ठरलं होतं? असं मनाशी म्हणत त्यांनी दोन्ही गाड्यांतून स्टेजच्या कापडाचा एकेक गठ्ठा खाली ओढला. झालरीला इस्त्री झाली का, एवढंच पाहायचं होतं. सोडून पाहिलं. झाली होती. तेवढ्यात इंदोऱ्याच्या नवरीच्या मामांचा फोन आला, कूलर किती येणार म्हणून. भाऊ फोन कानाला लावून बोलत, खांद्यानं धरून, दोन्ही गठ्ठे पुन्हा बांधत, हातवारे करत राहिले. गठ्ठे गाड्यांत चढले. थोड्या वेळानं रुपराव आला, ताडपत्री ओढली आणि नरखेडची गाडी घेऊन निघून गेला. भाऊंनी हात जोडून निरोप दिला. किती शहाण्यासारखं वागलो, असं त्यांना वाटलं.

इंदोऱ्याच्या मैदानात आठ वाजताच ऊन रणरणत होतं. मांडव उभा झाला, खुर्च्या लागल्या, आणि स्टेजचा गठ्ठा सोडायची वेळ आली. गाठ काही केल्या सुटेना. चंद्रभाननं नखं लावली, दुसऱ्यानं दात लावले.

"काय गाठ मारली बे या रुपरावनं!" भाऊ कावले.

शेवटी गाठ सुटली. आत लाल-पिवळी झालर, आणि मधोमध जरीचा मोठा गणपती असलेला पडदा.

बौद्ध घरचं लग्न. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत येणार, स्टेजवर तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो मांडणार, मागं पांढरं आणि निळं कापड पाहिजे. नवरीचे मामा तिथंच उभे होते. त्यांचा चेहरा उतरला, मग तापला.

"नागसेनभाऊ, बाहेरचा बिछायतवाला असता तं म्हटलं असतं, त्याले समजत नाही. तुम्ही तं आपले माणूस. तुम्हीच हे आणावं?"

"अहो, माझ्या माणसानं घोटाळा केला!" नागसेनभाऊ सगळ्या पोरांदेखत गरजले. "रुपरावनं गठ्ठा चुकीचा भरला. याच्यासाठीच मी कोणावर भरोसा करत नाही. एक दिवस मोकळं सोडलं आन् पाहा काय करून ठेवलं!"

पोरं खाली मान घालून उभी राहिली. भाऊ रागानं दोरी गुंडाळायला लागले, आणि गुंडाळता गुंडाळता त्यांचा हात थांबला. रुपराव गाठ मारतो ती एका ओढीत सुटते, म्हणून तर सामान झटपट निघतं. अशी पीळ घातलेली, दातानं सोडवायची गाठ मारणारा नागपुरात एकच माणूस होता. पहाटेचा अंधार, मामांचा फोन, दोन गठ्ठे. सगळं आठवलं. गठ्ठे आपल्याच हातानं बदलले होते.

म्हणजे नरखेडला पांढरं गेलं. भागीरथाबाई विधवा बाई. नवरा गेल्यावर एकटीनं संत्र्याची बाग सांभाळली, पोरीला शिकवलं, आणि आता त्या पोरीच्या लग्नात मांडवात पांढरं कापड. त्या बाईला काय वाटेल, या विचारानं भाऊंना उभ्या जागी मेल्यासारखं झालं. रुपरावला फोन लावावा म्हणून बोट फोनवर गेलं आणि परत आलं. शपथ होती. पुन्हा गेलं, पुन्हा परत आलं. ते मैदानात येरझारा घालायला लागले.

"भाऊ, काय करायचं?" चंद्रभाननं विचारलं.

"तुम्ही सांगा न! काय करायचं?"

सगळी पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता. मामा घड्याळ पाहत होते. शेवटी चंद्रभान भीत भीत म्हणाला, "उलटा लावून पाहू का? याचं अस्तर पांढरं आहे. बाजूनं आपली निळी कनात लावता येते."

भाऊंच्या जिभेवर 'नाही' आलंच होतं. शिवण दिसेल, गणपतीचं जरीकाम मागून उमटेल, लोक काय म्हणतील. त्यांनी ते 'नाही' कसंबसं गिळलं.

"लाव," ते म्हणाले.

शिवण दिसत होती. पण दुरून ठीक दिसत होतं, आणि मामा 'चालते' म्हणाले. पोरं भराभर निळ्या कनाती ओढायला लागली, आणि भाऊंनी गाडीची किल्ली उचलली. चक्कर नाही असं ठरलं होतं खरं, पण आता राहवेना. काटोल मागं पडलं, दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागल्या, समोरच्या एसटीला ते हॉर्नवर हॉर्न देत राहिले. आणि अर्ध्याअधिक वाटेत त्यांच्या ध्यानात आलं की आपल्या गाडीत काहीच नाही. लाल-पिवळा पडदा तर इंदोऱ्याला उलटा टांगला आहे. मग आपण जाऊन दुरुस्त काय करणार? काही नाही. फक्त तोंड दाखवणार. गाडी वळवावी असं वाटलं. पण तिकडे रुपराव एकटा शिव्या खात असेल, आणि त्या शिव्या आपल्या आहेत, हे काही मनातून जाईना. ते तसेच पुढं गेले.

गावात शिरले तर मांडव भरलेला. स्टेजच्या मागं कापड नव्हतंच, लुगडी होती. हिरवी, जांभळी, डाळिंबी, मोरपंखी, काठाला काठ लावून टाचलेली, वरपासून खालपर्यंत. बायका येऊन आपापलं लुगडं शोधत होत्या आणि सापडलं की हसत होत्या. नागसेनभाऊंनी आयुष्यात इतका देखणा स्टेज लावला नव्हता. त्यांना आनंद व्हायला पाहिजे होता. पण त्यात त्यांचा हात कुठंच नव्हता.

भागीरथाबाई स्वतः सामोऱ्या आल्या.

"या भाऊ. तुमचा माणूस लय भला आहे. सकाळी तो पांढरा गठ्ठा सुटला आन् माझा जीवच गेला. तोंडाले येईल ते बोलली मी त्याले. तो हात जोडून म्हणे, बाई, चूक माझी, गठ्ठा मी भरला. मंग घरोघरी जाऊन त्यानंच लुगडी मागून आणली. मलेच आता वाईट वाटून राहिलं, काहून एवढी बोलली म्हणून."

नागसेनभाऊंनी हात जोडले. ते तिथून सटकले. रुपराव मांडवामागं पाण्याच्या टाकीजवळ तोंड धूत होता.

"चक्कर नाही म्हटलं होतं, भाऊ."

"गठ्ठे माझ्या हातानं बदलले, रुपराव. पहाटे."

"माहीत आहे. गाठ सोडता सोडता नख निंगालं माझं." त्यानं अंगठा दाखवला.

"मंग चूक आपल्या अंगावर काहून घेतली गा?"

"ती बाई रडून राहिली होती. तिच्यासमोर कोणीतरी उभं राहाले पाह्यजे होतं. मी होतो."

खरं तर नागसेनभाऊंना इथंच थांबता आलं असतं. निदान त्यांच्या तोंडून तरी रुपरावला काही कळलं नसतं. पण त्यांच्यानं थांबवेना.

"मी तिकडे तुझं नाव घेतलं. रुपरावनं घोटाळा केला म्हणून."

"पोट्ट्यांसमोर?"

"हो. सगळ्यांसमोर."

रुपरावनं गमछा खांद्यावर टाकला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त थकलेला दिसला.

"मी लॉनवाल्याले आजच होकार कळवतो, भाऊ. तुमच्यावर राग नाही. पण माझं नाव तिथं गेलं न, ते तिथं साफ करा. मले इथं सांगून काय फायदा?"

नागसेनभाऊंनी तिथल्या तिथं चंद्रभानला फोन लावला. स्पीकर चालू केला.

"चंद्रभान, पोट्टे आहेत का जवळ? सगळ्यांले ऐकू दे. सकाळी मी जे बोललो ते खोटं होतं. रुपरावनं बरोबर भरलं होतं. गठ्ठे मी अदलाबदल केले. चूक माझी."

"माहीत आहे, भाऊ," चंद्रभान म्हणाला.

"तुले कसं माहीत?"

"मी गोडाऊनमधीच झोपलो होतो न. पाह्यलं मी."

"मंग सांगितलं काहून नाही बे?" नागसेनभाऊ ओरडलेच.

पलीकडे चंद्रभान जरा अडखळला.

"सांगालेच उठून आलो होतो, भाऊ. तुमच्याजवळ उभा होतो. तुम्ही मामांशी बोलून राहिले होते. तुम्ही बोट दाखवून मले गप केलं."

मांडवातून कोणीतरी रुपरावला हाक मारली आणि तो गेला.

"बरं," नागसेनभाऊ फोनमध्ये म्हणाले. "आता मी गप आहे. आता बोल."

"काय बोलू, भाऊ?"

"काहीही. जे बोलायचं राहिलं ते."

"दुकानातलं ते प्रमाणपत्र अजून वाकडंच आहे, भाऊ," चंद्रभान म्हणाला.