सुमनवहिनींना कोणी विचारलंच नाही
मैत्रिणींनो, दुपारच्या बैठकीतून आत्ताच आले आणि राग आवरत नाही, म्हणून मंडळाच्या फळ्यावर हे लिहिते आहे.

आजच्या बैठकीत पचमढीची सहल ऐन दसऱ्याला ठरली. धावपळ करून बस आधीच मिळवून ठेवली होती ती सुमनवहिनींनी. त्या दिवशी त्यांचं घर दीक्षाभूमीवर जातं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

मी म्हटलं, "दोन दिवस पुढे ढकलू ना."

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "एका घरासाठी काहून वं?"

सुमनवहिनी उठल्या. "तारीख नका बदलवू. मले नुसतं विचारलं असतं, तरी बरं वाटलं असतं."

त्या निघाल्या, कोणी थांबवलं नाही. मी यादीतलं माझं नाव खोडलं आणि त्यांच्यामागे गेले.

तुम्ही वीसजणी तिथेच होतात. गप्प का बसलात?