सुपरफ्लुअस या शब्दाचा पत्ता

बाळांनो,

मागच्या खोलीतल्या बायची गोष्ट मी तुम्हांला अनेकदा हसवण्यासाठी सांगितली आहे. आमच्या स्वयंपाकघरापासून पंधरा पावलांवर वेगळी चूल मांडणारी, नाताळच्या दिवशीही आपलं ताट झाकून मागे घेऊन जाणारी तऱ्हेवाईक म्हातारी. व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं तिच्या वाकून चालण्याची नक्कल करायचात आणि मी तुम्हांला थांबवत नव्हते. ती गोष्ट खोटी होती. ते मला या पावसाळ्यात कळलं, ती गेल्यावर महिन्याने. म्हणून आता लिहिते आहे. मी एकाहत्तर वर्षांची आहे. जे दुरुस्त करायचं ते पुढच्या सुट्टीवर ढकलावं असं मला वाटत नाही.

हे मराठीत लिहिते आहे, तुमची आई वाचून दाखवील. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, पण बायला इंग्रजी येत नव्हतं. तिच्याबद्दलचं लिखाण निदान तिला वाचता आलं असतं अशा भाषेत असावं.

बाय म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद. वडील लवकर गेले तेव्हा वाडी तिने सांभाळली. केळी, मोगरा, थोडी भाजी. त्यावर धाकट्या भावाला शिकवलं. लग्न केलं नाही. आजोबा बँकेत लागले, मी मुंबईहून लग्न होऊन वसईत आले. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, शाळेत शिकवणारी, विहिरीवर बादली सोडायलाही घाबरणारी. बायने मला कधी वाडीत नेलं नाही. "टीचरचे हात खडूचे आहेत," म्हणायची. नणंद असूनही ती मला टीचरच म्हणत असे आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत असे.

तुमची आई झाल्यावर मी सहा महिन्यांत शाळेत परत जाऊ शकले ते बाय होती म्हणून. तिने तिला न्हाऊ घातलं, भरवलं, आपल्या घरची बोली शिकवली. मी ती बोली कधी नीट शिकले नाही. त्यामुळे बायचं बोलणं इथे साध्या मराठीतच लिहावं लागतं आहे, एखाद-दुसरा शब्द सोडून.

तुमची आई तेरा वर्षांची होती तेव्हा मी संध्याकाळी घरी एक वर्ग घेऊ लागले. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांच्या प्रवेश परीक्षेत त्या वेळी अवघड इंग्रजी शब्दांचा भरणा असायचा. मुलं हुशार होती, गणितात पैकीच्या पैकी आणणारी. शब्दांपाशी मात्र अडायची. आमच्या गावातली चार-पाच, आचोळ्याच्या सोसायट्यांमधून तीन, एक अर्नाळ्याहून सायकलने येणारी मुलगी. पडवीत चटया घालून बसायची.

माझी एक पद्धत होती आणि मला तिचा अभिमान होता. शब्दकोशातला अर्थ पाठ केला की आठवड्यात उडतो. म्हणून प्रत्येक शब्दासाठी मी एक कार्ड करायचे. वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली एक वाक्य आणि शेवटी लाल शाईने 'पत्ता'. पत्ता म्हणजे तो अर्थ आपल्या गावात कुठे राहतो. टॅसिटर्न, म्हणजे मितभाषी, चर्चची घंटा वाजवणाऱ्या काकांकडे राहायचा, कारण ते 'हो'सुद्धा भुवई उचलून म्हणायचे. गॅर्युलस, म्हणजे अखंड बडबड करणारा, पाववाल्याकडे. पार्सिमोनिअस, म्हणजे हात आखडून जगणारा, पलीकडच्या बंगलीतल्या मावशींकडे. पाहुणा निरोप घेऊन ओट्याची पायरी उतरेपर्यंत त्यांचा दिवा विझलेला असे. मुलं हसायची आणि शब्द विसरायची नाहीत. वर्षभरात मी चारशेच्या वर शब्द गावभर वाटून टाकले. ज्यांना वाटले त्यांतल्या कुणालाही इंग्रजी कळत नव्हतं.

बायला तो वर्ग आवडायचा. आतल्या उंबऱ्यावर वाल सोलत बसून ती ऐकायची. मध्येच उठून उकडलेली रताळी, केळ्याचे काप असं काहीतरी घेऊन यायची. मुलांचं खाणं झालेलं असलं तरी पुन्हा आणायची.

एके दिवशी सुपरफ्लुअस हा शब्द होता. गरजेहून जास्त असलेलं, म्हणून नसलं तरी चालेल असं. अर्नाळ्याच्या मुलीला तो काही केल्या बसेना. तेवढ्यात बाय दुसऱ्यांदा ताट घेऊन आली. मुलं "नको, नको" म्हणाली. मी इंग्रजीत म्हणाले की बघा, प्रत्येक घरात एक असतं. झाडूवाली झाडून गेल्यावर झाडणारं, स्वयंपाक झाल्यावर पुन्हा शिजवणारं, कुणी बोलावलं नसताना दारात उभं राहणारं. आमच्या घरातलं हे. आणि मी बायकडे हात केला.

मुलं पोट धरून हसली. ती हसताहेत म्हणून बायही हसली. ताट खाली ठेवून एकेकाच्या हातात रताळं देत गेली.

शब्द बसला. इतका बसला की पुढच्या आठवड्यापासून बाय उंबऱ्यावर आली की कुणीतरी हळूच म्हणायचं, "टीचर, सुपरफ्लुअस आली." मी दटावल्यासारखं करायचे, पण माझंही तोंड हसरंच असे. एकदा मासे घेताना बाय कोळणीला सांगत होती, "पोरांनी मला इंग्लिश नाव ठेवलंय. टीचरच्या वर्गातली पोरं. शिकलेली हायेत." कोळणीने विचारलं, "म्हंजे काय गं?" बाय म्हणाली, "मला काय ठाव? चांगलंच असेल." मी खिडकीत उभी होते. तेव्हाही मी काही केलं नाही. गंमत वाटली, ती संध्याकाळी वर्गात सांगितली.

त्यानंतर महिन्याभरात बाय मागच्या खोलीत राहायला गेली. ती खोली अवजारांची होती. तिने ती स्वतः सारवली, चूल घातली. मी कारण विचारलं तर म्हणाली, "माझ्या खोकल्याचा पोरांना त्रास होतो." आजोबांनी दोनदा समजावलं, मग म्हणाले, "तिला जायचंय तर जाऊ दे." मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. तिच्या रिकाम्या खोलीत मी फळा लावला. वर्ग पडवीतून आत आला, पावसाची चिंता मिटली.

तेवीस वर्षं ती तिथे राहिली. वाडीतली पहिली केळी आमच्या ओट्यावर आणून ठेवायची, हाक न मारता. तुमच्या आईच्या लग्नात रात्रंदिवस राबली आणि पंगत बसल्यावर दिसेनाशी झाली. मी लोकांना सांगायचे, स्वभाव आहे एकेकाचा. आजोबा गेल्यावर मी तिला म्हणाले, "बाय, आता आपण दोघीच. पुढच्या घरात ये." ती म्हणाली, "तिकडे माझं काय काम हाय?" मी रागावून निघून आले. शेवटच्या वर्षी तिला उठवेना तेव्हा मी पेज करून न्यायचे. "ठेव तिथे, टीचर. कशाला दमतेस." एवढंच. मी बाहेर गेल्यावरच चमचा उचलायची.

बायच्या महिन्याच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या स्मरणप्रार्थनेला, माझा एक जुना विद्यार्थी आला होता. आता कॅनडात असतो, केस पिकायला लागलेत. पडवीत चहा घेताना अगदी प्रेमाने म्हणाला, "टीचर, परवा ऑफिसात कुणीतरी सुपरफ्लुअस म्हणालं आणि माझ्यासमोर बाय उभी राहिली. हातात रताळं घेऊन. इतक्या वर्षांनी." आम्ही दोघं हसलो. संध्याकाळी तुमच्या आईचा फोन आला तेव्हा तिला बरं वाटेल म्हणून मी हे सांगितलं.

 

ती म्हणाली, "आई, तिने मला विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"त्या शब्दाचा अर्थ. आम्ही दोघी वाल सोलत होतो. मला वर्गातली गंमत माहीत नव्हती. मी आपला पुस्तकातला अर्थ सांगितला. जे जास्तीचं आहे, नसलं तरी चालतं ते. तिने परत एकदा म्हणून घेतलं माझ्याकडून."

"मग?"

"मग काही नाही. राहिलेले वाल सोलले. उठताना म्हणाली, मी विचारलं हे तुझ्या आईला सांगू नको, तिला वाईट वाटेल. शपथ घातली मला."

मी विचारलं, इतकी वर्षं का नाही सांगितलंस. तुमची आई शांतपणे म्हणाली, "आधी शपथ होती म्हणून. नंतर तू माझ्या मुलांना तिच्या नकला करू द्यायला लागलीस. तेव्हा वाटलं, तुला सांगून तिचं काय भलं होणार आहे?"

 

दुसऱ्या दिवशी कार्डांची पेटी काढली. कार्डं अक्षरांच्या क्रमाने लावलेली आहेत, शोधायला वेळ लागला नाही. माझं सुवाच्य अक्षर. पत्ता: आमच्या घरची बाय. मी नवं कार्ड घेतलं, शब्द लिहिला, अर्थ लिहिला आणि लाल पेन धरून बसले. दुसरा पत्ता द्यायचा होता. कोपऱ्यातला बंद टीव्ही आठवला, कपाटातली न वापरलेली काचेची भांडी आठवली. एकही चिकटेना. शब्द मनात म्हटला की तीच येऊन उभी राहते.

मग वाटलं, निदान मुलांना तरी सांगावं. ज्यांचे ईमेल पत्ते होते त्या नऊ जणांना मी लिहिलं. मी त्या दिवशी एका माणसाचा अपमान केला, तुम्हांला त्यात सामील करून घेतलं, ते उदाहरण कृपा करून मनातून काढून टाका. चौघांची उत्तरं आली. एकाने लिहिलं की टीचर, मनाला लावून घेऊ नका, ती किती गोड होती. एकाने बायची आठवण काढून वाडीचे फोटो मागवले. तिसऱ्याला वर्ग आठवत होता, ती आठवत नव्हती. अर्नाळ्याची मुलगी आता स्वतः शिकवते. तिने लिहिलं, "मी प्रयत्न केला, टीचर. पण तुम्ही शिकवलेलं पुसलं जात नाही." तिने ते कौतुकाने लिहिलं असेल किंवा नसेल. मी विचारलं नाही.

कन्फेशनला जाऊन फादरांनाही सांगितलं. ते वयाने तुमच्या आईएवढे. म्हणाले, तिने कधीच क्षमा केली असेल. मला तसं वाटत नाही. क्षमा केली असती तर एखाद्या दिवशी ती आमच्या टेबलावर जेवली असती. तिने मला वाईट वाटू नये एवढी काळजी घेतली, ती तेवीस वर्षं घेतली, आणि क्षमा हे काहीतरी वेगळं असतं. ती आता मागायलाही जागा नाही.

तुमच्याकडून मला एकच हवं आहे. मी सांगितलेली ती हसवणारी गोष्ट पुन्हा कुणाला सांगू नका. बाय तऱ्हेवाईक नव्हती. या घरातली दोन माणसं तिने वाढवली, एक तुमचे आजोबा आणि एक तुमची आई. मी शिकवू शकले तेही तिच्याच जिवावर.

मागची खोली कुलूप लावून ठेवली आहे. वाडीतली केळी यंदा कुणी बांधली नाहीत, ती आडवी झाली. घरात तिची बोली बोलणारं कुणी नाही. तो शब्द मात्र शाबूत आहे. माझ्या विद्यार्थ्यांना तो अजून येतो, आणि आमच्या बायमुळे येतो.